निजामाच्या पैशाची बॉम्बर विमानं : पायलटचं काम नेमकं काय असायचं?

निर्मल : पहिल्या महायुद्धावेळी निर्मल निजामाच्या राज्यात होतं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना डीएच-९ए बॉम्बर विमानांसाठी पैसा दिला. म्हणून १९१८ मध्ये फ्रान्सला गेलेल्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबादचं नाव मिळालं.

या विमानात माणसं दोनच. पुढे पायलट, मागे ऑब्झर्व्हर. विमान चालवणं, ताफ्यातली जागा न सोडणं आणि समोरची मशीनगन, ही पायलटची कामं. मागून आलेल्या शत्रूला ऑब्झर्व्हर रोखायचा. बॉम्ब टाकताना मात्र विमान सरळ ठेवावं लागे. खालून तोफा धडाडल्या तरी वळायची सोय नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टरमध्ये सातजण, पण पायलट एकच. हुद्दा कमी असला तरी कॅप्टन तोच. विमान पेटलं, तर बाकीच्यांना उडी मारता यावी म्हणून कंट्रोल धरून बसायचं कामही त्याचंच.