शाळा बांधावरची – भाग ७ : शिक्षण दूरचे, बैठक गावातली

गेल्या आठवड्यात आपण कृषी विद्यापीठांतल्या पदव्या आणि पदविका पाहिल्या. आज त्यांच्याकडे वळू, ज्यांना वर्गात जाऊन बसणे जमणार नाही पण शेती मात्र रोज करायची आहे. हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या सेलूतून पाहिला की नीट कळतो.

सेलू मनमाड–सिकंदराबाद रेल्वेवर आहे. एका बाजूला परभणी, तिथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला जालन्याच्याही पुढे बदनापूर, तिथल्या संशोधन केंद्राने बीडीएन-७११ आणि बीडीएन-७१६ हे तुरीचे वाण दिले. जमीन काळी, पिके कापूस, सोयाबीन, तूर. तालुक्यातच ब्रह्मवाकडीला निम्न दुधनेचे धरण. एवढे सगळे हाताशी असताना मृग निघाला की इथला शेतकरी सल्ला विचारतो तो बहुतेकदा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला. त्याला नावे ठेवून उपयोग नाही. दुकान उघडे असते, उत्तर तिथल्या तिथे मिळते, वर उधारीही मिळते. विद्यापीठाचे ज्ञान घरपोच करायचे म्हणजे या काउंटरशी बरोबरी करायची आहे, आणि ती नुसत्या पुस्तिका वाटून होत नाही.

परभणीला शेतीचे शिक्षण नवे नाही. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये इथे प्रयोगक्षेत्र सुरू झाले आणि १९२० मध्ये कृषी शाळा निघाली. तिचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या कुणब्याचे पोर तिथवर कितपत पोचले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आले, १८ मे १९७२ रोजी विद्यापीठ. तरी शिकायचे तर परभणीला जाऊन राहायचे, ही अट राहिलीच.

ती अट मोडली १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी शेतीला सुरुवातीपासून जागा दिली. माळीकामाचे प्रमाणपत्र, फळबाग आणि भाजीपाल्याच्या पदविका, मराठीतून लिहिलेली पुस्तके, गावाजवळचे अभ्यासकेंद्र, तिथली संपर्कसत्रे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता. माझ्या मते ही महाराष्ट्राची मोठी कमाई आहे आणि तिचे श्रेय आपण फार कमी देतो. लंडन विद्यापीठाच्या वाय कॉलेजनेही विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना घरबसल्या कृषिविकासाचे पदव्युत्तर शिक्षण दिले. पण ते इंग्रजीत, आणि नोकरीत असलेल्यांसाठी. नाशिकने थेट शेतात राबणाऱ्याला विद्यार्थी मानले.

आता मुख्य गोष्ट. दूरशिक्षणाने शेती खरेच बदलते का, याची शास्त्रशुद्ध परीक्षा मराठीतच झालेली आहे, आणि ती १९५६ मध्ये. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळे उभी केली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. मंडळात साधारण वीसेक माणसे. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे: ऐकलेल्यावर चर्चा, आपल्या गावात काय करता येईल याचा निर्णय, आणि निमंत्रकाने लिहिलेला अहवाल पुण्याला. पुढच्या प्रसारणात त्या प्रश्नांना उत्तरे मिळत.

मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्यांनी मंडळाची गावे तर तपासलीच, शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओही नाही अशी गावेही तपासली. मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी किरकोळ होती. पेटी एकच, आवाज तोच, फरक केला तो बैठकीने आणि उलट जाणाऱ्या चिठ्ठीने. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे सेलू-मानवतकडे हा प्रयोग आला नाही. पुढे देशभर अशी मंडळे काढली गेली आणि हळूहळू विझली. रेडिओ राहिले, पण त्याभोवती जमणारी माणसे पांगली.

बैठकीने नेमके काय होते, ते सोयाबीनच्या उगवण चाचणीवरून पाहा. पुस्तिकेत ती चार ओळींत असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे, पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवायचे, फारच कमी असेल तर ते बियाणे पेरायचेच नाही. वाचायला सोपे आहे. पण गोणपाट उघडल्यावर समोर काय दिसते? काही मोड सरळ, काही वाकडे, काहींचे मूळ खुंटलेले, काहींची डाळच चिरलेली. हे खुरटे मोड जमेत धरायचे नसतात. एकटा माणूस ते धरतो, त्याची मोजणी सत्तरच्या वर जाते आणि पेरणी विरळ होते. चौघे जण आपापली गोणपाटे घेऊन एका ओसरीवर बसले, सोबत गावात कार्यानुभवासाठी आलेला एखादा कृषिदूत विद्यार्थी किंवा कृषी सहायक असला, की पाच मिनिटांत डोळा तयार होतो. सोयाबीन स्वपरागी असल्याने घरचे बियाणे वापरता येते, म्हणून या डोळ्याची किंमत थेट बियाण्याच्या पिशवीइतकी आहे.

आजची साधने चांगली आहेत. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. १८ मे आणि १७ सप्टेंबरला परभणीत खरीप-रब्बीचे मेळावे भरतात, ३ जानेवारीला महिला शेतकऱ्यांचा. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ मासिक आहे, आकाशवाणी परभणी आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट तर गावोगाव. यातले बहुतेक मात्र वरून खाली बोलतात. याउलट तमिळनाडूतल्या थेनी भागात कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेने शेळ्या पाळणाऱ्या बायकांना मोबाइलवर बोलके धडे दिले, तेही बचत गट आणि बँकेच्या कर्जाशी जोडून. धडा ऐकणारी बाई आधीच गटात बसलेली होती, तिच्या दारात शेळी होती.

सेलू तालुक्यात बचत गट आहेत, शेतकरी गट आहेत. मे महिन्यात त्यांच्या दोन बैठका उगवण चाचणी आणि बीजप्रक्रियेसाठी राखून ठेवता येतील. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कार्यानुभवासाठी येणाऱ्या कृषिकन्या आणि कृषिदूतांकडे प्रश्नांची वही द्यावी आणि तिची उत्तरे परभणीच्या तज्ज्ञांकडून पंधरा दिवसांत गटाकडे परत यावीत. वहीत गावाचे नाव, पिकाचे नाव आणि प्रश्न, एवढे तीनच रकाने पुरेत. या कामाला नवी इमारत लागत नाही, नवे ॲपही लागत नाही. उत्तर देण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिलेली मात्र लागते, आणि आजच्या रचनेत तेवढेच राहून गेले आहे.

(पुढील भागात : कृषी तंत्र विद्यालयांचे काय झाले?)