घानात गेलेली वीज आणि न्हावाशेवाचा धक्का

पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदार वाचकाने विचारले आहे की, आमचा द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाला पोहोचला असताना सायबर हल्ला झाला, तर लोखंडी क्रेनचे त्यात बिघडणार काय? उत्तरासाठी कल्पनाशक्ती ताणण्याचे कारण नाही. कारण २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्याच जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या धक्क्यावर नेमका हाच प्रसंग गुदरला होता. (द्राक्षांचा हंगाम तोवर उलटला होता, हे निफाड तालुक्याचे नशीब!)

‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरला आणि जगभर पसरला. क्रेनच्या पोलादाला त्याने धक्का लावला नाही. परंतु कोणता कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरात आहे, कोणत्या जहाजावर चढायचा आहे आणि दरवाजावरच्या ट्रकला आत सोडण्याची मुभा आहे की नाही, हा सारा तपशील ज्या संगणकांच्या हवाली असतो तेच निकामी झाल्यावर, गावाचे दप्तर जळून जमीन जागच्या जागी असूनही बांध कोणाचा हे सांगता येऊ नये, तशी त्या धडधाकट यंत्रांची अवस्था होते.

खरी मौज पुढेच आहे. मर्स्कच्या जाळ्यात कोणाला कोठवर प्रवेश द्यायचा हे ठरविणारे सुमारे १५० सर्व्हर होते. ते परस्परांच्या प्रती ठेवीत, म्हणून एक गेला तरी बाकीचे आहेत, अशी सर्वांची खात्री होती. सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो केवळ घानातला एक, कारण ऐन वेळी तेथली वीज गेलेली होती! भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या आपल्या मुलखाने ही नोंद अवश्य ठेवावी. तेथील इंटरनेट इतके मंद की ती माहिती शेवटी विमानाने, नायजेरियात हस्तांतर करून, लंडनला न्यावी लागली.

‘अभेद्य’ भिंती विकणाऱ्यांच्या जाहिरातींपेक्षा मला हा किस्सा अधिक बोधक वाटतो. घानात जे अपघाताने घडले ते बुद्धिपुरस्सर करावयाचे, म्हणजे हिशेबाचे जाळे आणि यंत्रांचे जाळे निराळे राखायचे, एक प्रत जाळ्याबाहेर ठेवायची आणि हाताने काम चालविण्याची सवय मोडू द्यायची नाही. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधील सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज हल्लेखोरांनी दुरून तोडली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हातानेच खटके ओढले आणि काही तासांत पुरवठा पूर्ववत केला.

पिंपळगावच्या शीतगृहवाल्यांनीही हंगामापूर्वी पॅनेलवरचा ‘ऑटो-मॅन्युअल’ खटका एकदा फिरवून पाहावा, आणि मोबाइलवरून तापमान बदलण्याची सोय असल्यास तिचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच तर नाही ना, याचीही चौकशी करावी.