रेषा कुठे आखायची, आणि तपासायची कशी?

मागच्या वेळी आपण समतेच्या कल्पनेबद्दल बोललो होतो. सारख्यांना सारखं वागवावं आणि जिथे भेद आहे तिथे भेदाच्या प्रमाणात वेगळं, हा ॲरिस्टॉटलचा विचार आपण पाहिला. आज तोच विचार शाळेच्या मैदानावर नेऊन बघू. प्रश्न असा की, मुलींच्या गटात कोणी खेळावं हे शाळेनं कशावरून ठरवायचं? या प्रश्नावर सध्या सर्वांत मोठा वाद अमेरिकेत चालू आहे, म्हणून उदाहरणं मुख्यतः तिथली घेऊ.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. खेळात गट पाडतात ते कशासाठी? आपल्याकडे शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. कुस्तीत वजनाचे गट असतात. म्हणजे काय, तर ज्या फरकापुढे मेहनत आणि कौशल्य यांना काही अर्थच उरत नाही, तो फरक आपण बाजूला काढतो. मुलींचा गटही याच कारणासाठी आहे. मुली कमी आहेत म्हणून त्यांना दिलेली ती सवलत नव्हे, बरं का. त्यांच्या मेहनतीला फळ मिळावं म्हणून राखलेली ती जागा आहे.

या राखलेल्या जागेनं काय घडतं, ते आकड्यांत बघा. अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी लिंगावरून भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून थोड्या कमी होत्या. २०१८-१९ मध्ये त्या सुमारे ३४ लाख झाल्या. तेव्हा मुलींचा वेगळा गट जपायला हवा असं कोणी म्हणालं, तर त्या म्हणण्याला ठोस आधार आहे. त्याला लगेच द्वेष म्हणून मोडीत काढणं बरोबर नाही.

आता शरीराचा भाग. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या धावण्या-उडण्याच्या क्षमतेत फरक असतो, पण तो थोडा. वयात आल्यावर मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं. उंची, स्नायू, हिमोग्लोबिन, सगळंच बदलतं. वरच्या पातळीवरच्या धावण्याच्या शर्यतींत हा फरक दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. शंभर मीटरच्या शर्यतीत एक टक्काही पुष्कळ असतो, हे लक्षात घ्या. यावरून एक गोष्ट निघते. फरक जिथे खरोखर पडतो, तिथेच रेषा आखण्याला कारण आहे. राज्य पातळीवर धावणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलींसाठी जो युक्तिवाद लागू पडतो, तो आठ वर्षांच्या पोरांच्या पळापळीला तसाच लागू पडत नाही.

पण कायदे बहुधा इतकं बघत नाहीत. मार्च २०२० मध्ये आयडाहो राज्यानं असा पहिला कायदा केला. पारलिंगी मुलींना, म्हणजे जन्मतः मुलगा अशी नोंद झालेल्या पण स्वतःला मुलगी मानणाऱ्यांना, मुलींच्या संघात खेळायला त्यानं बंदी घातली. प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत एकच नियम. पुढे पंचवीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

इथे आपण जरा थांबू. कोणत्याही पात्रतेच्या नियमाला दोन अंगं असतात. एक, रेषा कुठे आहे. दुसरं, कोण रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे तपासायचं कसं. सगळी भांडणं पहिल्यावर होतात. दुसऱ्याकडे आपलं लक्ष जात नाही, आणि त्याची किंमत मात्र लहान मुली मोजतात.

आयडाहोच्या कायद्यात वाद उपस्थित झाला तर काय करायचं, ते लिहिलं होतं. मुलीनं डॉक्टरांकडून प्रजननेंद्रियं, टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण किंवा जनुकं यांच्या आधारे खातरजमा करून आणायची. हे फक्त मुलींना. मुलग्यांच्या संघातल्या कोणाला असलं काही विचारायचं कारणच नाही.

युटा राज्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे मार्च २०२२ मध्ये बंदीचं विधेयक आलं. राज्यपाल स्पेन्सर कॉक्स रिपब्लिकन पक्षाचे, तरी त्यांनी नकाराधिकार वापरला. राज्यात ७५,००० मुलं शालेय खेळ खेळतात, त्यांत पारलिंगी चार, आणि त्यांतली मुलींच्या खेळात एकच, असा हिशेब त्यांनी मांडला. विधिमंडळानं तो नकार उलथवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गोष्ट उघड झाली. एका स्पर्धेत एक मुलगी मोठ्या फरकानं जिंकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली. मग खेळाच्या संघटनेनं तिच्या शाळेच्या नोंदी थेट बालवाडीपर्यंत तपासायला लावल्या, आणि हे तिच्या घरच्यांना सांगितलंही नाही. निघालं काय? ती पहिल्यापासून मुलगीच होती.

मुलगा मोठ्या फरकानं जिंकला तर आपण त्याची पाठ थोपटतो. मुलगी तशीच जिंकली तर 'ही नक्की मुलगीच आहे ना?' असं विचारतो. जो नियम मुलींच्या विजयासाठी केला, तोच विजयी मुलीला संशयित ठरवू लागला, तर त्यानं आपला हेतूच गमावला.

हा संशय आपल्यालाही नवा नाही. ओडिशाची द्युती चंद २०१४ मध्ये अठरा वर्षांची होती. टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. तिनं कोणतंही औषध घेतलेलं नव्हतं, फसवणूक केलेली नव्हती. ती क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला, कारण त्यामागचा पुरावा पुरेसा नव्हता. पण तोवर तिच्या शरीराची चर्चा देशभर होऊन गेली होती. ती कोणता लवाद परत घेणार?

मग करायचं काय? आमचं मत सांगतो, तुम्ही तपासून घ्या. प्राथमिक शाळेत असा नियम नकोच, तिथे खेळणं महत्त्वाचं. वरच्या स्पर्धांत, वयात आल्यानंतर, रेषा आखणं न्याय्य असू शकतं. पण तपासणी सगळ्यांची सारखी हवी. वयाचा दाखला जसा सुरुवातीलाच सगळे देतात तशी, कागदावर आणि गुप्त. दिसण्यावरून आलेली तक्रार घ्यायचीच नाही, आणि मुलांच्या शरीराची तपासणी तर मुळीच नाही.

यानंतरही रेषेबाहेर राहिलेल्या त्या एका मुलीचं काहीतरी खरोखर हिरावलं जातं. नियम न्याय्य असला तरी तिचं दुःख खोटं ठरत नाही. तिनं लबाडी केलेली नाही, हे तिला स्पष्ट सांगणं आणि तिच्यासाठी खेळायची दुसरी जागा शोधणं, हे नियम करणाऱ्यावरचं देणं आहे. आपण रेषा आखली की आपलं काम संपलं, असं समजतो. खरं तर तिथून ते सुरू होतं.

पुढच्या वेळी याच धाग्यानं राखीव जागांच्या प्रश्नाकडे वळू.