वर्ध्याहून परदेशी: माइल्स कुठे साठवायचे?

वर्ध्याला विमानतळ नाही. आपला प्रवास सुमारे ७५ किलोमीटरवरच्या नागपूरहून सुरू होतो. तिथून थेट परदेशी विमानं मोजकीच, त्यांत कतार एअरवेजचं दोह्याचं. पण विमान कंपनीच्या माइल्स योजनेचं सभासदत्व घेताना नागपूरकडे बघू नका; राहायला जाणार तिथल्या विमानतळावर कोणाची विमानं जास्त, ते बघा. कारण घरी येणं वर्षाकाठी एकदा, तेही रजा मिळाली तर.

कंपनीपेक्षा तिचा गोतावळा महत्त्वाचा. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्स या गटात आहे. युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा हे तिचे सोयरे. म्हणून शिकागो, फ्रँकफर्ट वा टोरांटोला राहणाऱ्याने तिकडचा आणि इकडचा प्रवास एकाच खात्यात जमा करावा. कतार २०१३पासून वनवर्ल्डमध्ये, ब्रिटिश एअरवेज आणि क्वांटासच्या पंगतीला. कतार आणि ब्रिटिश एअरवेजचं चलनही एकच, एव्हिऑस. एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतं. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही.

मुदत मात्र वाचाच. युनायटेडचे माइल्स बाद होत नाहीत, सिंगापूर एअरलाइन्सचे ३ वर्षांनी होतात. आणि फार साठवू नका: जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये बंद पडली, विस्तारा नोव्हेंबर २०२४मध्ये एअर इंडियात विरघळली.

खात्यावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांची इथेच अडचण होते. सभासदत्वाच्या वरच्या श्रेणीचा खरा लाभ लाउंज नव्हे, जादा सामान. वर्ध्याच्या गोरसपाकाचे दोन डबे जास्त बसतात.