पंपाची थरथर व दोषनिदान

गहू ओंबीवर आलेला असावा, पाण्याची पाळी नेमकी तीच असावी आणि त्याच रात्री मोटारीचे बेअरिंग जाम होऊन पंप बंद पडावा, असा अनुभव पुष्कळ बागाईतदारांस आलेला असेल. अशा वेळी मोटार एकाएकी गेली असे सांगण्यात येते. वस्तुतः बेअरिंग एकाएकी क्वचितच जाते. कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे आधीपासून त्याची थरथर बदललेली असते. ही थरथर मोजून दोष ओळखण्याचे एक शास्त्रच यंत्र-अभियांत्रिकीत तयार झालेले आहे. त्यातील शेतावर उपयोगी पडणारा भाग तेवढा येथे सांगावयाचा आहे.

फिरणारे कोणतेही यंत्र थोडे तरी थरथरतेच. ते किती थरथरते व कोणत्या लयीत, हे पाहावयाचे असते. मोटार मिनिटास १४४० फेरे घेत असेल तर सेकंदास २४ फेरे झाले. इंपेलरचे एखादे पाते झिजले किंवा त्यात काही अडकले, तर वजनाचा तोल जाऊन प्रत्येक फेऱ्यास एक, म्हणजे सेकंदास २४ हिसके बसतात. मोटार व पंप यांचे आस एका रेषेत नसतील तर बहुधा फेऱ्यास दोन हिसके आढळतात व आसाच्या लांबीच्या दिशेनेही कंप जाणवतो. बेअरिंगच्या बाहेरील कड्यास खड्डा पडला, तर त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी एक ठोका देते. नऊ गोळ्यांच्या साधारण बेअरिंगात या वेगास सेकंदाला सुमारे ८६ ठोके पडतात. (गोळ्यांचा घोळका आसाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरतो, म्हणून ही संख्या ९ गुणिले २४ इतकी होत नाही.)

हे सारे कंप एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करण्याच्या गणिताचा पाया फ्रेंच गणिती फूरिये यांच्या १८२२ सालच्या उष्णतेवरील ग्रंथात आहे; परंतु हाताने करावयास ते फार किचकट. १९६५ साली कूली व ट्यूकी या अमेरिकन संशोधकांनी ते संगणकावर त्वरेने करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि चालू यंत्रातील दोष शोधणे पुष्कळ सुलभ झाले. किती कंप चालेल, याचीही प्रमाणे ठरली. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात १५ किलोवॉटपर्यंतच्या लहान यंत्रांकरिता कंपाचा वेग सेकंदास ०.७१ मिलिमीटरपर्यंत उत्तम, १.८ पर्यंत चालण्याजोगा व ४.५ च्या पुढे धोक्याचा धरला होता. आपली पाच अश्वशक्तीची मोटार, म्हणजे ३.७ किलोवॉट, याच वर्गात येते.

हल्ली मोबाईल फोनवरही कंप मोजता येतो, असे तरुण शेतकरी दाखवितात. तोल बिघडल्याचा मंद हिसका त्यावर दिसेलही. परंतु पुष्कळ फोन सेकंदास शे-दोनशे वेळाच मोजणी करतात, त्यामुळे बेअरिंगचे बारीक ठोके त्यांतून निसटतात. अशा फोनवर विसंबून बेअरिंग निर्दोष ठरवू नये.

त्याहून चांगला उपाय असा. पंप नवा बसविल्यावर किंवा दुरुस्त होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात बेअरिंगच्या बाजूस कोरडी लाकडी काठी टेकवून दुसरे टोक कानाशी धरावे व तो आवाज ध्यानात ठेवावा. मोटारीस भू-जोडणी असल्याची आधी खात्री करावी. धोतर, उपरणे व साडीचा पदर फिरत्या भागापासून दूर ठेवावा. मोटारीचा पाय व सिमेंटचा कट्टा यांच्या सांध्यावर कोरडे बोट आडवे ठेवून पाहावे. दोहोंची हालचाल निरनिराळी जाणवल्यास बोल्ट ढिले आहेत असे समजावे. महिन्यातून एकदा हेच करून वहीत तारखेनिशी टिपून ठेवावे. आवाज आला की ग्रीस भरण्याची सवय मात्र वाईट. ग्रीसने आवाज चार दिवस दबतो, कड्यातील खड्डा बुजत नाही. आणि ग्रीस जास्त झाल्यास बेअरिंग उलट तापते.

प्रत्येक खडखड बेअरिंगचीच असते असेही नाही. एका विहिरीवर कारागिराने दोनदा बेअरिंग बदलले, तरी पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येतच राहिला. मी गेलो तेव्हा पाणी पुष्कळ खाली गेलेले होते. पंपास ओढ जास्त पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होत व इंपेलरवर फुटत होते. पंप खालच्या टप्प्यावर उतरविताच आवाज थांबला. दोन बेअरिंगांचा खर्च मात्र व्यर्थ गेला. पाण्यातील मोटारीस काठी टेकविता येत नाही. तेथे अँपिअर-मापकाचा काटा व पाण्याची धार यांवरच लक्ष ठेवावे लागते.

मळणी यंत्राच्या बाबतीत हयगय अधिक महाग पडते. ड्रमचा झिजलेला एकच दाता बदलल्याने एका बाजूस १०० ग्रॅम वजन वाढले व ते मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असले, तर मिनिटास ६०० फेऱ्यांना सुमारे १२ किलोची ओढ सेकंदास दहा वेळा दिशा बदलीत बेअरिंगवर बसते. वेग दीडपट, म्हणजे ९०० केला, तर हीच ओढ २७ किलो होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. याकरिता दाते नेहमी समोरासमोरच्या जोडीने बदलावेत, आणि बसविण्यापूर्वी दोन्ही तराजूत घालून वजनाला सारखे करून घ्यावेत.