‘तुरळक’ म्हणजे थोडा नव्हे

गैरसमज: तुरळक पाऊस सांगितलाय, म्हणजे भुरभुर येऊन जाईल.

सोयाबीनच्या काढणीत ही समजूत फार महागात पडते. गंजीवर ताडपत्री टाकायची राहते आणि रातोरात शेंगा भिजतात. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हे पावसाचं नव्हे, जागेचं माप आहे. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की तुरळक, २६ ते ५० टक्के असला की काही ठिकाणी. पाऊस किती पडेल ते वेगळं सांगतात: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, त्यापुढे २०४.४ मिमीपर्यंत अति मुसळधार. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं ऐकलं, तर थोड्याच गावांवर पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपून काढेल, असं समजावं. आपलं गाव त्यांत नसेल, असं धरून चालू नये.

गैरसमज: आमच्या शिवारात थेंब नाही, म्हणजे अंदाज चुकला.

अंदाज बहुधा जिल्ह्याचा असतो आणि वळवाचा ढग काही किलोमीटरांचा. ओढ्याच्या अलीकडे पाणी वाहतं, पलीकडे धूळ उडते. फवारणी किंवा युरिया देण्याआधी पाच दिवसांचा अंदाज पाहावाच, पण त्या दिवशी सकाळी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही पाहावा. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. गुराख्याच्या फोनमध्येही ते असायला हवं.

गैरसमज: यंदा पाऊसमान चांगलं सांगितलंय, मग पहिल्या सरीवर पेरायला हरकत नाही.

दुबार पेरणीचं दुःख बरेचदा इथून सुरू होतं. ‘सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के’ हा आकडा साऱ्या देशाचा, जून ते सप्टेंबरचा असतो. ती सरासरी ८७ सेंटीमीटर. जूनअखेर तुमच्या तालुक्यात पंधरा दिवसांचा खंड पडेल का, हे त्यात नसतंच. पहिल्या सरीने वरची माती ओली होते, बी उगवतं, खाली ओल नसल्यानं कोंब करपतो. म्हणून ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बियाण्याचे आणि खताचे पैसे दोनदा घालण्यापेक्षा आठवडाभर थांबणं केव्हाही बरं.

गैरसमज: पाऊस नाही, नुसतं ढगाळ आहे, म्हणजे काळजी नाही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे पटणार नाही. छाटणीनंतर दमट, ढगाळ हवेत पानं फार वेळ ओली राहिली, तर केवडा येतो. म्हणून अंदाजात पावसाच्या रकान्याइतकेच आर्द्रता, ढग आणि वाऱ्याचे रकानेही वाचावेत. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत हे सगळं पीकनिहाय सल्ल्यासह दिलेलं असतं.