आंब्याचा डोळा आणि पालवीचा हंगाम

पाऊस सरून हवा कोरडी झाली, आणि कार्तिकांत हापूसच्या बागेवर तांबूस कोवळी पालवी डोलूं लागली, म्हणजे नवख्या बागाइतदारास आनंद होतो. अनुभवी माणूस मात्र कपाळास हात लावतो. असें कां, हें समजण्यासाठीं डोळ्याची रचना पाहणें अवश्य आहे.

काडीच्या शेंड्यावरील एक डोळा धारदार चाकूनें उभा चिरून भिंगाखालीं धरावा. बाहेरून लहान टोकदार खवले एकावर एक बसलेले दिसतात. त्यांच्या आड सूक्ष्म पर्णांकुर, आणि अगदीं मध्यें मोहरीहूनही लहान असा वाढीचा कोवळा बिंदु. हा बिंदु पालवी देतो किंवा मोहोर देतो; क्वचित् एकाच तुऱ्यांत पानें व फुलें दोन्हीं निघतात. पानांच्या बगलेंतही डोळे असतात, परंतु शेंड्याचा डोळा शाबूत असेपर्यंत ते बहुधा निजून राहतात.

आंब्याची काडी बारमास सारखी वाढत नाहीं. डोळा फुटतो, थोड्याच आठवड्यांत वीतभर काडी निघते, लुसलुशीत पानें खालीं लोंबतात, मग हिरवीं होऊन ताठ होतात, आणि शेंड्यावर नवा डोळा बनून वाढ थांबते. ही विश्रांति वरवरची आहे; ह्याच काळांत पानें अन्न तयार करून काडींत सांठवितात. काडी जून होण्यास साधारण चार-पांच महिने लागतात. पुढें थंडी पडून रात्रीं पारा १५ अंशांच्या आसपास उतरला, कीं जून काडीचा डोळा मोहोराकडे वळतो. कार्तिकांत फुटलेली काडी पौषांत दोनच महिन्यांची असते; तिला थंडी लागून उपयोग काय? शिवाय ज्या डोळ्यांतून मोहोर यावयाचा, तोच पालवींत खर्ची पडलेला असतो.

भरघोस पीक आलेल्या सालीं फळें पोसून थकलेल्या काड्या उशिरां फुटतात. हापूस वर्षाआड धरतो, त्याचें हें एक मोठें कारण होय.

म्हणून पालवी पावसाळ्याच्या आरंभींच यावी अशी खटपट करावी. खत मृगाच्या सुमारास द्यावें. भाद्रपदानंतर नत्र व पाणी दोन्हीं बंद ठेवावीं. आम्हीं एका सालीं आश्विनांत दयेपोटीं पाणी दिलें, आणि झाडांनीं पालवीनें त्याची परतफेड केली! फळें झेल्यानेंच उतरवावीं. काठीनें झोडपल्यास शेंडे मोडतात. पॅक्लोब्युट्राझोल हें औषध पालवीची वाढ रोखतें; तें श्रावणापूर्वीं किंवा श्रावणारंभीं मुळांशीं देतात. परंतु दहा वर्षांखालील अथवा अशक्त झाडास तें देणें आम्हांस पसंत नाहीं.

इतकें करूनही कार्तिकांत पालवी आलीच, तर ती छाटूं नये, पण तुडतुड्यांवर नजर ठेवावी. कोवळ्या पालवीवरही ते अंडीं घालतात. काडी जून झाली कीं नाहीं हें ओळखावयाचें असल्यास तिचीं पानें मुठींत चुरगाळावीं. जून पान करकर वाजून तुटतें, कोवळें नुसतें दुमडतें.